एमसीव्ही एकशे बावीस

“तुमच्या रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्यात,” अलिबागचे डॉक्टर म्हणाले. “तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट्ससुद्धा. याला पॅनसायटोपेनिया म्हणतात. आता बोन मॅरो तपासावा लागेल. मुंबईला रक्तविकारतज्ज्ञांकडे जा, आणि उशीर करू नका.”

बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतला मऊ गाभा. रक्त तिथे तयार होतं. तिन्ही पेशी एकदम कमी होतात तेव्हा त्या कारखान्यातच काही बिघडलंय का, ते बघावं लागतं. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. पण बोलताना त्यांनी आवाज खाली आणला, आणि माझ्याऐवजी ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलू लागले. त्यावरून मी काय ते समजले.

मी हेमलता. थळला राहते, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. नवरा जनार्दन, त्यांची मासेमारीची बोट आहे. पन्नाशी गाठेपर्यंत बाळंतपणाशिवाय मी कधी दवाखान्यात झोपले नव्हते. म्हणूनच कदाचित, शरीर काय सांगतंय ते मला वर्षभर ऐकूच आलं नाही.

आधी जीभ गेली. गेली म्हणजे चव गेली, आणि जीभ गुळगुळीत, लालबुंद झाली. रोजचं कालवण तोंडात घेतलं की आग व्हायची. मग दम. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. मधल्या वळणावर थांबून मी सूचनाफलक वाचत असल्याचं दाखवायची. मुलींच्या लक्षात आलं होतं, हे मला नंतर कळलं. चेहरा पिवळट दिसू लागला, तेव्हा शिक्षकखोलीत मला काविळीची औषधं सुचवली गेली. दंडावर, मांडीवर कशालाही न आपटता निळे डाग उठायचे.

आणि पाय. तळव्यांना मुंग्या यायच्या, पुढे बधिरपणा आला. एकदा किनाऱ्यावरून घरी आले तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती. ती वाळूत कुठे राहिली, मला कळलंच नव्हतं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून एका हाताने बेसिन धरून ठेवायची सवय लागली. हे सगळं वय, पाळी जाणं, परीक्षेचे पेपर तपासणं यांच्या नावावर खपत राहिलं.

पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसातच्या आसपास होतं. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशीतला प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. बायकांना तो बारा तरी असावा लागतो. आमच्याकडे दर दुसऱ्या बाईला लोहाची गोळी लागते, तशी मलाही मिळाली. मी ती नेमाने घेतली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी पाच पॉइंट आठवर आलेलं. तेव्हा अलिबागला गेलो.

अलिबागच्या डॉक्टरांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. एमसीव्ही: एकशे बावीस. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ऐंशी ते शंभर असावा. “लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात,” ते म्हणाले. “तुमच्या तर मोठ्या झाल्यात. हे लोहाचं काम दिसत नाही.” मग कशाचं, ते मात्र मुंबईत कळायचं होतं.

त्या संध्याकाळी जनार्दननी रिपोर्ट हातात घेतला. चष्मा लावून ते एकेक ओळ बघत होते. प्लेटलेट्सच्या ओळीवर थांबले.

“हेमा, चोपन्नच हायत?” त्यांनी विचारलं. “आपल्या जाळ्यात एका खेपंला याच्यापरीस जास्त बांगडं येतात.”

मी घाबरून कागद ओढून घेतला. खरंच चोपन्न लिहिलं होतं. आधीचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता, त्यात तर शून्य पॉइंट एक्क्याण्णव होतं. म्हणजे तेव्हा एकसुद्धा प्लेटलेट नव्हती आणि आता चोपन्न झाल्या? आम्ही दोघं मोठी शिकलेली माणसं समोरासमोर बसून त्या आकड्यांकडे बघत राहिलो. शेवटी आकड्यांपुढची बारीक अक्षरं मी मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचली. एक लॅब हजारात मोजत होती, दुसरी लाखात. शून्य पॉइंट एक्क्याण्णव म्हणजे एक्क्याण्णव हजार, आणि चोपन्न म्हणजे चोपन्न हजार. असायला हव्यात दीड लाखाच्या वर. म्हणजे चोपन्नची भीती गेली, पण कमी होत चालल्यात ही भीती उरलीच. प्लेटलेट्स म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. माझ्या अंगावरचे निळे डाग कुठून आले ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मांडव्याहून बोटीने निघालो. स्वतःच्या बोटीवर उभ्याने अख्खा समुद्र पालथा घालणारा माझा नवरा त्या एसी केबिनमध्ये खुर्चीला पट्ट्याने बांधल्यासारखा ताठ बसला होता. माझी पिशवी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. गेटवे येईपर्यंत मी मनात हिशेब मांडत होते: नववीचा अभ्यासक्रम कोण पुरा करील, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन कोण बघेल, जनार्दन एकटे काय जेवतील.

मुंबईच्या हॉस्पिटलातली बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, तोंडाला मास्क लावलेली तरुण माणसं. मला वाटलं, आपलीही जागा आता यांच्यातच. शेजारच्या बाईंनी मला सरकून जागा दिली आणि पहिल्यांदा आलात का, म्हणून विचारलं. मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, “या डॉक्टर नीट बघतात.”

खरंच नीट बघत होत्या. चाळिशीच्या, शांत. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी आधी मला जीभ दाखवायला सांगितली. मग ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो कंप पावणारा लोखंडी चिमटा ठोकून घोट्यावर ठेवला आणि थरथर जाणवते का विचारलं. मला नुसता गार स्पर्श कळला, थरथर नाही. मग पाय जुळवून उभं राहायला आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच मी जनार्दनच्या अंगावर कोसळले.

डॉक्टरांनी मला बसवलं. “आज तुमचं नवीन रक्त घेऊ. त्याची स्लाइड मी स्वतः बघणार आहे. मॅरोचं त्यानंतर ठरवू.”

स्लाइड म्हणजे काचेच्या पट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब. मशीन पेशी मोजतं, पण त्या दिसतात कशा ते माणसानेच सूक्ष्मदर्शकातून बघायचं असतं. आम्ही बाहेर बसलो. जनार्दननी दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

पुन्हा आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. त्यांनी विचारलं, “मासे, अंडी, मटण खाता का?”

“थळच्या कोळ्याला विचारताय, मॅडम?” जनार्दन म्हणाले. “रोजचं हाय.”

“म्हणूनच आजवर कुणाला शंका आली नसेल,” डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. तांबडी पेशी तयार होताना तिला बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की पेशी वेळेवर विभागत नाही, नुसती फुगत जाते. मोठी होते, पण कच्ची राहते, आणि बऱ्याचशा पेशी मॅरोतून बाहेर पडण्याआधीच मरतात. म्हणून एमसीव्ही वाढलेला आणि संख्या घटलेली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सनाही हेच जीवनसत्त्व लागतं, म्हणून त्याही कमी. मज्जातंतूंना लागतं, म्हणून पायांचा बधिरपणा. जीभसुद्धा त्यातच. माझ्या वर्षभराच्या वेगवेगळ्या तक्रारी एकाच दोरीला बांधल्यासारख्या समोर आल्या.

पण बी-ट्वेल्व्ह मासळीत भरपूर असतं. मग माझ्यात का नाही? कारण जठरात इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिन तयार होतं. ते बी-ट्वेल्व्हला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं, आणि तिथे ते रक्तात शिरतं. काही माणसांचं शरीर स्वतःच हे प्रथिन मारून टाकतं. मग ताटात कितीही मासळी असली तरी उपयोग नाही. या आजाराचं नाव पर्निशियस ॲनिमिया. पर्निशियस म्हणजे घातक. कारण पूर्वी, उपाय सापडायच्या आधी, माणसं यात जायची.

“आता?” मी विचारलं.

“आता याला इंजेक्शन आहे. पण मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही,” त्या म्हणाल्या. “स्लाइड मला हेच सांगतेय. रक्ताचे आणखी नमुने पाठवलेत. आपण इंजेक्शन आजच सुरू करू. आजार हाच असेल तर आठवडाभरात तुमचा मॅरो उत्तर देईल. नाही दिलं, तर मॅरो तपासावाच लागेल.”

म्हणजे तेच औषध आणि तीच परीक्षा. त्यांनी मला भरती करून घेतलं. रक्त चढवलं नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरलं होतं, शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलं होतं, आणि घाईने रक्त चढवलं तर हृदयावर ताण येईल, असं त्या म्हणाल्या. पेशी वेगाने तयार होऊ लागल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं, म्हणून ते रोज तपासायचं होतं.

रोज एक लालचुटूक इंजेक्शन. दंडात घेताना मी त्या लाल रंगाकडे बघत राहायची.

भेटायला माझी जाऊ आली ती पपईच्या पानांचा रस घेऊन. प्लेटलेट्स म्हटलं की आमच्याकडे पपईची पानं आलीच. डेंग्यूच्या दिवसांत थळमधल्या पपईच्या झाडांवर पान राहत नाही. बाटली हिरवीगार आणि वास असा की शेजारच्या पेशंटने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी जावेला समजावलं की माझ्या प्लेटलेट्स कुणी मारत नाहीये, त्या तयारच होत नाहीयेत, आणि तयार व्हायला जे लागतं ते इंजेक्शनातून जातंय. जाऊ रागावली नाही. तिने बाटली मोरीत ओतली आणि माझे पाय चेपत बसली. तिचा हात मला बोटांपाशी कळत नव्हता, घोट्यापाशी कळत होता. मी तिला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांत एक गोष्ट घडली. सकाळचा हॉस्पिटलचा उपमा मी खात होते आणि त्यात कढीपत्ता आहे हे मला चवीवरून कळलं. मी घास तसाच धरून बसले. जनार्दनना वाटलं काही दुखतंय. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग वर्षभरात पहिल्यांदा मोकळे हसले.

पण चवीवर विसंबून चालणार नव्हतं. आठवडा भरत आला तशी माझी झोप उडाली. त्या सकाळी रक्त घेऊन गेले. दुपारी डॉक्टर राउंडला आल्या त्या थेट माझ्या कॉटपाशी.

“रेटिक्युलोसाइट काउंट,” त्या म्हणाल्या. “मॅरोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. आलात तेव्हा तुमच्या शंभर पेशींत एकसुद्धा धड नव्हती. आज चौदा आहेत.”

मला लगेच अर्थ लागला नाही. जनार्दननी विचारलं, “म्हंजे चांगलं हाय का वाईट?”

“कारखाना सुरू झालाय, काका. जोरात सुरू झालाय. मॅरो तपासायची आता गरज नाही.”

प्लेटलेट्स एक लाख दहा हजारांवर गेल्या होत्या. बी-ट्वेल्व्हचा रिपोर्टही आला होता. ते मोजता येणार नाही इतकं कमी होतं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची अँटीबॉडी सापडली होती, म्हणजे निदानावर शिक्का बसला. जनार्दन खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. चौदा वादळांतून बोट परत आणलेला माणूस, चौदा कोवळ्या पेशींनी त्याला रडवलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात असाच रिपोर्ट असेल, तर त्यांच्यासाठी थोडं थांबते. नुसतं हिमोग्लोबिन बघून कागद घडी करू नका. एमसीव्हीची ओळ बघा. लहान पेशी बहुधा लोहाकडे किंवा थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक कारणाकडे बोट दाखवतात, मोठ्या पेशी बी-ट्वेल्व्ह, फोलेट, थायरॉइड, यकृत किंवा दारूकडे, आणि कधी मॅरोच्या आजाराकडेही. पुढे आरडीडब्ल्यू असतो. पाटीतली कोळंबी एका आकाराची आहे की लहानमोठी मिसळलेली, तसं तो पेशींबद्दल सांगतो. वाढला असेल तर मिसळ जास्त. प्लेटलेट्सचा आकडा वाचण्याआधी तो हजारात आहे की लाखात, ते बघा, म्हणजे आमच्यासारखं होणार नाही. प्लेटलेट्स कधी नळीत एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं, हेही मला त्या वॉर्डात कळलं. म्हणून अचानक कमी आल्या तर पुन्हा तपासून स्लाइड बघतात. आणि एक सांगते: मनानेच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसत्या त्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतू आतल्या आत खराब होत राहतात. आकडे ओळखायला शिका, पण निदान डॉक्टरांना करू द्या. प्रश्न विचारायचा हक्क मात्र आपला.

घरी परतताना बोटीवर मी बाहेर उभी राहिले. पुढे दर आठवड्याला आणि मग दर महिन्याला इंजेक्शन, जन्मभर. महिन्यातून एक टोचणी. मला ते काहीच वाटत नाही. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. एमसीव्ही उतरत उतरत नव्वदवर आला. प्लेटलेट्स अडीच लाख. पायांना वेळ लागला. मज्जातंतू सावकाश दुरुस्त होतात; करंगळ्यांना अजून थोड्या मुंग्या आहेत, त्या कदाचित राहतीलही. पण मी नववीच्या वर्गात जिन्यात न थांबता गेले, तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना दटावलं, आणि फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायला खूप वेळ लावला.

इथे माझी गोष्ट संपली असती. पण डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं काही आहे का, कारण हा आजार कुटुंबात फिरू शकतो. मला श्रीवर्धनला दिलेली माझी थोरली बहीण आठवली. वत्सलाबाय.

बाय साठीच्या आत आहे. बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांत तिचा आवाज सगळ्यांत वर. पण गेली दोन वर्षं ती विसरायला लागली होती. भात गॅसवर ठेवून निघून जायची. तेच तेच विचारायची. चालताना पाय फाकवून, जमीन चाचपत चालायची. दोनदा पडली, तेव्हापासून तिच्या मुलाने तिचं बाजारात जाणं बंद केलं. कुणी म्हणे वय, कुणी म्हणे बाहेरचं काहीतरी आहे. मी स्वतः तिच्याकडे गेले की तिचा हात धरून बसायची आणि परत येताना एसटीत रडायची.

आता मी तिच्या मुलाला, संतोषला फोन केला आणि तिचा जुना रिपोर्ट मागितला. त्याने फोटो पाठवला. “मावशी, रक्ताचं काय न्हाय तिला. हिमोग्लोबिन दहाच्या वर हाय.”

खरंच दहाच्या वर होतं. प्लेटलेट्सही जेमतेमच कमी. त्यामुळे कुणी पुढे बघितलं नव्हतं. मी खालची ओळ बघितली. एमसीव्ही एकशे सोळा.

मी संतोषला सांगितलं, उद्या तिला घेऊन ये, मी मांडव्याला उभी असेन. तो म्हणाला, आई कुठं जायला तयार न्हाय. मी म्हटलं, “तिला सांग, हेमा हॉस्पिटलात एकटी जायला घाबरते, सोबत हवी.” हे ऐकून बाय लगेच लुगडं बदलायला उठली, असं त्याने नंतर सांगितलं.

त्याच डॉक्टरांनी तिला बघितलं. तोच चिमटा, तोच घोटा, तेच उत्तर. रक्त फारसं कमी न होताच मज्जातंतू आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. किती परत येईल हे सांगता येत नाही, उशीर झालाय, पण सुरुवात करू. बायचं बी-ट्वेल्व्ह माझ्याइतकंच रिकामं निघालं.

पहिला महिना काही दिसलं नाही. दुसऱ्या महिन्यात संतोषचा फोन आला: आईने स्वतःहून त्याच्या बायकोला सांगितलं की आज संकष्टी आहे. पुढे एकदा तिने त्याला भाजी बेचव झाल्याबद्दल खडसावलं, आणि तो मला हे सांगताना आनंदाने अडखळत होता. मग फोन यायचे कमी झाले. मी काळजीत पडले. मी फोन केला की तिची सून सांगायची, आई बाहेर गेल्यात.

गेल्या महिन्यात शाळेला सुट्टी होती. मी अंगणात सुकट पसरत होते. फाटकाचा आवाज झाला. बघते तर वत्सलाबाय. श्रीवर्धनहून एसटीने, एकटी. डोक्यावर पाटी, त्यात वर केळीचं पान. पाटीला हात न लावता ती अंगणातून चालत आली, सरळ, पायाखाली न बघता.

मी उठून धावले. तिने मला बाजूला सारलं, पाटी स्वतः उतरवली आणि पदराने मान पुसली.

“संतोष म्हणतो, तुजा आकडा नव्वद हाय,” ती म्हणाली. “परवा माजा आला. ब्याण्णव. कागद न्हाय आणला. काय आणायचा? ध्यानात हाय माज्या.”